चवीखालची जमीन

२०१४च्या मार्च महिन्यात ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला रोज रांग लागत होती. स्टेशनाला लागून असलेलं बी. मेरवान हे इराणी हॉटेल महिनाअखेर कायमचं बंद होणार, अशी बातमी वर्तमानपत्रांत आली होती. हॉटेल १९१४ सालचं. तिथला मावा केक हवा असेल तर सकाळी लवकर गेलं पाहिजे, हे मुंबईकरांच्या तीन पिढ्यांना पाठ. बातमी वाचून लांबलांबच्या उपनगरांतून माणसं आली. कोणी मुलांना टेबलं दाखवली, कोणी केकचे खोके भरून नेले. त्या खेपेला बंद होणं टळलं. पण त्या रांगेनं मला एका प्रश्नापाशी आणून सोडलं. या जागेवर इतका जीव असलेली ही माणसं तिथे त्याआधी शेवटची कधी बसली होती?

संपादकांनी यंदा ‘तरुणपणीची चव’ हा विषय दिला, तेव्हा सोबत एक अटही घातली होती. नुसत्या आठवणी नकोत, जाऊन बघा. म्हणून धोबी तलाव, गिरगाव, लालबाग, माटुंगा असा फिरलो. इराण्यांकडे बसलो, एका बेकरीच्या भट्टीपुढे उभा राहिलो, खानावळ चालवलेल्या बायकांशी बोललो, केळीच्या पानावर जेवलो. परतताना मनात एक गोष्ट पक्की झाली होती. आपण जिला चव म्हणतो तिचा थोडा भाग पदार्थात असतो आणि बराचसा त्याखालच्या व्यवस्थेत. जागेचं भाडं किती, भट्टी कशावर पेटते, वाढणारा कुठून आला आहे, जेवणाऱ्याचा पगार कधी होतो, यावर ती उभी असते. ही जमीन सरकली की कृती तीच राहूनही चव जाते.

नाक काय जपून ठेवतं

‘पूर्वीची चव राहिली नाही’ हे वाक्य मी या फेरीत जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं. ते सरसकट खरं नाही आणि खोटंही नाही.

चव म्हणून आपल्याला जे जाणवतं त्यात वासाचा वाटा फार मोठा. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूतल्या थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातं. वासाला हा वळसा नसतो. त्याचे संदेश भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेनं पोचतात. म्हणून खारीचा वास आला की एखाद्या दुपारचा उजेड, सोबत बसलेला मित्र, खिशातली चिल्लर असं सगळं एकदम उभं राहतं. वासानं जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक वेळा फार लहान वयातल्या असतात, हेही मानसशास्त्राच्या अभ्यासकांना आढळलं आहे. दुसरीकडे, साठी ओलांडल्यावर नाकाची धार बोथट होत जाते. तेव्हा चव बदलली असं वाटतं त्यातलं काही पदार्थात बदललेलं असतं आणि काही आपल्यात.

आणि जिला आपण अस्सल जुनी चव म्हणतो, तीही कधीतरी नवी होती. इराण्याकडच्या बन मस्क्यावरचं लोणी घ्या. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत लोणी म्हणजे पोल्सन. पेस्तनजी एदलजी दलाल यांचा हा ब्रँड. ते लोणी काही दिवस ठेवून आंबलेल्या मलईचं असे, खारट आणि पिवळं. पुढे आणंदच्या दूध संघानं अमूल या नावानं ताज्या मलईचं लोणी विकायला काढलं, तेव्हा गिऱ्हाइकांना ते सपक वाटलं. मग त्यात मीठ आणि रंग घालून लोकांच्या जिभेशी जुळवून घ्यावं लागलं, असं डॉ. वर्गीस कुरियन यांनी सांगून ठेवलं आहे. म्हणजे माझ्या पिढीला जो मस्का बालपणीचा वाटतो, तो आमच्या आजोबांच्या मस्क्याची आठवण धरून घडवलेला आहे. प्रत्येक पिढी मागच्या पिढीच्या चवीवर आपली चव रचते. त्यामुळे चव बदलते याचं मला भय वाटत नाही. भय वाटतं ते चव घडवणाऱ्या जागा नाहीशा होण्याचं.

कोपऱ्यावरचं हॉटेल

धोबी तलावच्या परिसरात कयानी आहे, १९०४ पासून. जवळच ससानियन, १९१३ पासून. बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ सालचं ब्रिटानिया, बेरी पुलावासाठी प्रसिद्ध. तिथे गिऱ्हाइकांची टेबलाटेबलावर जाऊन विचारपूस करणारे बोमन कोहिनूर २०१९ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले. ही नावं पर्यटकांच्या यादीत पोचली, त्यामुळे त्यांना बाहेरगावचं गिऱ्हाईकही मिळालं. मला बघायचं होतं ते यादीत नसलेलं, रोजच्या गिऱ्हाइकावर चालणारं इराणी हॉटेल. तसं एक दक्षिण मुंबईत एका जुन्या चाळवजा इमारतीच्या तळमजल्यावर सापडलं. मालकांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, पण बसू दिलं.

सकाळी साडेसहाला अर्धी टेबलं भरलेली होती. रात्रपाळी संपवलेले सुरक्षारक्षक, समुद्रावर चालून आलेले निवृत्त लोक, दुकान उघडण्याआधी चहाला टेकलेले गुजराती व्यापारी. संगमरवरी पाट्याची टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीभर आरसे. आरसे शोभेचे खरे, पण त्यांचा एक उपयोग मालकांनी दाखवला. गल्ल्यावर बसून मान न वळवता सगळ्या टेबलांवर नजर राहते. कोपऱ्याची जागाही अशीच कामाची. हिंदू व्यापारी कोपरा अशुभ मानत म्हणून तो इराण्यांना स्वस्तात मिळाला, असं सांगितलं जातं. पण कोपऱ्याला दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक, दोन दारं आणि दुप्पट उजेड असतो, हेही तितकंच खरं.

इराणमधल्या यज्द आणि केरमान भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला ही कुटुंबं आली. त्यांनी उभं केलेलं हॉटेल निम्मं दुकानही असे. काउंटरच्या काचेआड साबण, ब्लेड, अंडी, बिस्किटांचे डबे. चहावर फार सुटत नसे. कमाई व्हायची बेकरीच्या मालावर आणि या किरकोळ विक्रीवर. चहा हा गिऱ्हाइकाला आत आणून बसवण्याचा मार्ग होता. म्हणूनच एक ‘पानी कम’ चहा आणि एक ब्रून मस्का यांवर दीड तास बसलेल्या विद्यार्थ्याला कोणी उठवत नसे. मीही तसाच बसायचो. परीक्षेच्या दिवसांत घरी जागा नसायची आणि वाचनालय रात्री लवकर बंद व्हायचं. त्या टेबलानं मला अभ्यासाची खोली दिली.

ही चैन मालकाला परवडायची याचं कारण कायद्यात होतं. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं बहुतेक जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं, त्याच्याशी बांधून टाकलं. पगडी देऊन घेतलेली जागा आणि न वाढणारं भाडं यांच्या जोरावर पन्नास वर्षं हा धंदा हळू चालीनं चालला. १९९९चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानं मोठ्या कंपन्या आणि बँकांसारख्या भाडेकरूंचं संरक्षण काढून घेतलं, छोट्या दुकानदारांचं ठेवलं आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढ मान्य केली. म्हणजे इराण्याचं भाडं आजही बाजारभावाच्या कितीतरी खाली आहे. मग ही हॉटेलं बंद का पडतात?

मालकांनी शांतपणे कारणं मोजली. इतक्या कमी भाड्यात घरमालक इमारत दुरुस्त करत नाही. छत गळतं, वाशांना टेकू लागतात, आणि शेवटी पुनर्विकास येतो. नव्या इमारतीत जागा मिळाली तरी ती कोपऱ्यावरची, दोन दारांची, उंच छताची नसते. देखभालीचा महिन्याचा खर्च जुन्या भाड्याच्या कितीतरी पट. भागीदारांचे वारस वाढत जातात, त्यातले निम्मे परदेशी. मुलं शिकून दुसऱ्या कामाला लागतात, आणि त्यांनी पहाटे साडेचारला शटर उघडावं असं बापालाही वाटत नाही. “माझ्या वडलांनी मला इथं बसवलं. मी माझ्या पोरीला नाही बसवणार,” ते म्हणाले. त्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. कष्ट काय असतात हे ठाऊक असलेल्या माणसाचा तो निर्णय होता.

भट्टीचा श्वास

ब्रून पावाचं कवच कडक आणि आतला गर मऊ का असतो हे मला भट्टीपुढे उभं राहिल्यावर समजलं. जुनी भट्टी म्हणजे जाड विटांची बुटकी खोली. तिच्यात लाकूड जाळून भिंती आणि फरशी तापवायची, मग निखारे बाजूला सारायचे. पाव भाजतो तो विटांनी साठवलेल्या उष्णतेवर. कारागीर लांब दांड्याच्या लाकडी फळीवर पिठाचे गोळे मांडतात आणि हाताच्या एका झटक्यानं ते आत सोडतात. भट्टी सगळ्यात तापलेली असताना पाव, थोडी उतरल्यावर बिस्किटं, आणि उरलेल्या उबेत टोस्ट वाळत राहतात. म्हणजे काउंटरवरच्या बरण्या ज्या पदार्थांनी भरलेल्या असतात ते सगळे एकाच आगीच्या उतरत्या पायऱ्यांवर तयार होतात.

ही आग आता विझते आहे. मुंबईच्या हवेच्या प्रदूषणावरील सुनावणीत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. महापालिकेनं नोटिसा पाठवल्या. बेकरीवाल्यांमध्ये धास्ती पसरली, आणि ब्रून आता संपणार अशी हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली.

भट्टीपुढे उभं राहून मला मात्र दोन्ही बाजू दिसल्या. लाकूड म्हणजे अनेकदा पाडलेल्या घरांचं आणि मोडक्या फर्निचरचं भंगार, रंग आणि पॉलिश लागलेलं. ते स्वस्त पडतं म्हणूनच पाव गरिबाला परवडतो. पण त्याचा धूर आधी कारागिराच्या छातीत जातो. उत्तर प्रदेशातून आलेला तो मुलगा भट्टीवरच्या माळ्यावर झोपतो. माझ्या आवडत्या चवीसाठी त्याच्या फुप्फुसांनी किंमत मोजावी हे मला मान्य नाही. भट्टी बदलायला हवी. प्रश्न आहे तो खर्चाचा. नवी भट्टी, गॅसची जोडणी, गाळ्यातले फेरफार हे सगळं छोट्या बेकरीच्या आवाक्याबाहेर जातं. स्वस्त कर्ज आणि पुरेसा वेळ मिळाला तर कारागीर नव्या आगीवरही ब्रून जमवतील. हाताला आलेलं ज्ञान त्यांच्याकडे आहे. पण कर्ज आणि वेळ मिळाले नाहीत तर बेकरी बंद पडेल आणि तिची जागा कारखान्यातला पिशवीबंद पाव घेईल.

पगाराच्या दिवशी मिटणारी वही

माझे मामा लालबागला गाळ्यात राहायचे. एका खोलीत गावकीचे पंधरा-वीस जण, सगळे गिरणीत. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक जेवायला गेलेली. बायकामुलं कोकणात किंवा घाटावर. सगळ्यांचं जेवण खानावळीत. शिकायला मुंबईत आल्यावर मीही मामांच्या नावावर तिथेच जेवू लागलो.

खानावळ म्हणजे पाटी, काउंटर, टेबलं असं काही नव्हतं. चाळीतली दहा बाय दहाची खोली, एका कोपऱ्यात स्टोव्ह, आणि भिंतीला टेकून बसलेले मेंबर. चालवणारी बाई सगळ्यांची मावशी. पहिल्या पाळीवाल्यांचे डबे पहाटे भरायचे, दुसऱ्या पाळीचं जेवण अकराच्या आत, आणि रात्री बारानंतर पाळी सुटून येणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेलं ताट. भाकरी किंवा चपाती, एक सुकी भाजी, आमटी, भात. बुधवारी नि रविवारी मासे किंवा मटण. मेंबर कोकणातले असतील तर आमटीत खोबरं, साताऱ्या-कोल्हापूरकडचे असतील तर तिखट आणि शेंगदाण्याचं कूट. मुंबईत राहून गावची चव मिळायची ती यामुळे. कृती पुस्तकातून आलेली नव्हती, मेंबरांच्या गावांतून आली होती.

पैशाचा हिशेब वहीत. मेंबर पगाराच्या दिवशी महिन्याचे पैसे देत. तोवर धान्य, रॉकेल, मासळी यांचा खर्च मावशीनं करायचा, तो बहुधा सावकाराकडून चढ्या व्याजानं घेतलेल्या पैशांतून. गहाण टाकायला मंगळसूत्राशिवाय काही नसे. म्हणजे गिरणगावच्या लाखभर पोटांचं रोजचं जेवण या बायकांच्या कर्जावर चाललं होतं. प्रेमा पुरव यांनी हे ओळखलं. गोवा मुक्तिलढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि खानावळवाल्या बायकांचे गट करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची छोटी कर्जं मिळवून दिली. तारण नव्हतं, म्हणून एकमेकींची हमी. बँकेच्या दारात कधी पाऊल न टाकलेल्या बायका हप्ते फेडू लागल्या. ज्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं, तो धंदा आहे हे पहिल्यांदा कागदावर आलं.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संपाची हकिगत सांगताना गिरण्या, मालक, युनियन, सरकार यांची नावं येतात. खानावळींचं नाव क्वचितच येतं. पगाराचा दिवस नाहीसा झाला आणि वह्या मिटेनात. मावशींनी आधी मटण बंद केलं, मग एक भाजी कमी केली, पण ताट थांबवलं नाही. पुढे पुढे मेंबरच गावी जाऊ लागले. जाताना कुणी बाकी फेडली, कुणाला ते जमलं नाही. मामा गेले ते परत आले नाहीत. मी कॉलेज पुरं केलं ते त्या वर्षांतल्या उधारीच्या जेवणावर.

आज त्या भागात उंच इमारती आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी महागडी रेस्तराँ. ज्या बायकांनी खानावळी चालवल्या त्यातल्या काही जणी अजून चाळींत, काही संक्रमण शिबिरांत राहतात. मी ज्यांना भेटलो त्यांच्याशी बोलताना चवीचा विषय फार वेळ टिकला नाही. त्या बोलत होत्या ते पहाटे उठण्याबद्दल, पाण्याच्या रांगेबद्दल आणि न मिटलेल्या हिशेबांबद्दल. आमच्या तोंडी राहिलेली चव त्यांच्या पाठीत दुखणं म्हणून राहिली आहे. हे ऐकून घेतल्याशिवाय खानावळीची आठवण पुरी होत नाही.

खानावळ संपली तरी तिची गरज संपली नाही. घरापासून लांब, एकट्यानं राहणारी तरुण मुलंमुली आता गाळ्याऐवजी पीजीत राहतात. त्यांच्यासाठी गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं निघाली, घरगुती डबे सुरू झाले. चालवणाऱ्या बहुतेक बायकाच. कर्जाची अडचण थोडी कमी झाली, पण पोळ्या लाटणाऱ्या हातांचा मोबदला अजूनही पोळीमागे मोजला जातो.

माटुंग्याचं पान

जुन्यातलं काहीच टिकत नाही असं म्हणणाऱ्यानं सकाळी माटुंग्याला जावं. राम आश्रय १९३९चं, कॅफे मद्रास १९४०चं. दोन्हीकडे सुट्टीच्या दिवशी दाराबाहेर गर्दी. माटुंगा स्टेशनजवळ मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडुपी श्री कृष्ण बोर्डिंग, १९४२ पासून. तिथे केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या, पापड, ताक असं साधं जेवण वाढतात, आणि शेजारी बसलेला माणूस दरवेळी अनोळखी असतो.

ही हॉटेलं का टिकली याचं उत्तर तिथे अर्धा तास बसलं की मिळतं. ताट समोर यायला दोन-तीन मिनिटं लागतात. गरम भात घेतलेला माणूस आणि रसम घेतलेला माणूस ठरल्या चालीनं ओळीवरून फिरत राहतात. जेवणाऱ्याला कोणी हटकत नाही, पण तिथली गतीच अशी की जेवून झाल्यावर तो आपसूक उठतो. इराण्यानं गिऱ्हाइकाला वेळ दिला, उडप्यानं वेग दिला. जमिनीचे भाव चढले तेव्हा वेळ देणं परवडेनासं झालं, वेग देणं परवडत राहिलं.

दुसरं कारण माणसांचं. दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या गावांतून मुलं यायची, आधी कपबश्या विसळायची, मग टेबलावर, मग स्वयंपाकघरात, आणि जमलं तर स्वतःच्या हॉटेलात. मुंबईत कन्नड रात्रशाळा होत्या. दिवसा हॉटेलात राबलेली मुलं रात्री तिथे शिकली, आणि त्यातून पुढे हॉटेलमालकच नाही तर वकील आणि हिशेबतपासनीसही झाले. म्हणजे चव वर्षानुवर्षं तशीच राहिली याचं श्रेय गुप्त मसाल्याला नाही, शिकत पुढे जाणाऱ्या माणसांच्या साखळीला आहे. ती साखळी आता सैल झाली आहे. त्या गावांतली मुलं या कामाला फारशी येत नाहीत. स्वयंपाकघरात उत्तराखंड, ओडिशा, बंगाल, नेपाळ इथली माणसं दिसतात. त्यांच्या हातचं सांबार चांगलं आहे. त्यांच्यासाठी रात्रशाळा कुठे आहे, हा प्रश्न माझ्या मनात राहिला.

दारावरची पाटी

तरुणपणच्या खाण्याबद्दल लिहिताना एक जागा वगळून जाणं सोपं असतं. ती म्हणजे दार.

दादर स्टेशनजवळ १९१० मध्ये सुरू झालेलं मामा काणे यांचं उपाहारगृह असो की गिरगावातली घरगुती जेवणाची ठिकाणं, त्या काळात ‘स्वच्छ’, ‘ब्राह्मणी’, ‘हिंदू’, ‘मराठा’ हे शब्द पाट्यांवर सर्रास असत. घरापासून दूर आलेल्या माणसाला आपल्या रीतीचं जेवण मिळेल, हा भरवसा त्यांतून दिला जाई. त्याच पाट्या इतर कितीतरी जणांना आत येऊ नका असंही सांगत. गावाकडच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे. आपल्या साहित्यातली दलित आत्मकथनं याच्या नोंदींनी भरलेली आहेत. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला, आणि १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध कायदा करावा लागला, तो यासाठी. गावातून शहरात आलेल्या अनेकांनी पहिल्यांदा इतरांसारख्याच कपातून चहा प्यायला तो इराण्याकडे. त्यांच्यासाठी त्या चहाची चव मला कधी कळणार नाही इतकी मोठी होती.

दार बायकांनाही अर्धंच उघडं होतं. कित्येक हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ असे, अर्ध्या झडपेची केबिन. नवऱ्याबरोबर किंवा भावाबरोबर आलेली बाई तिथे बसे. एकटी बाई पुढच्या टेबलावर चहा पीत बसली आहे, हे दृश्य माझ्या कॉलेजच्या काळातही विरळा होतं. वर्गातल्या एका मैत्रिणीला मी या लेखासाठी तिच्या आवडत्या हॉटेलाबद्दल विचारलं. तिनं सांगितलं, की तिला हॉटेल आठवत नाही, स्टेशनाबाहेरचा वडापाव आठवतो. तो उभ्यानं खाता येई, त्यासाठी कोणाची सोबत लागत नसे आणि कोणी वळून बघत नसे. दादर स्टेशनाबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी सुरू केला असं मानलं जाणाऱ्या या पदार्थाची स्वस्ताई सगळे सांगतात. त्यानं बायकांना रस्त्यावर निर्धास्त खायची मोकळीक दिली, हे मला तिच्यामुळे समजलं.

आता काय करता येईल

तेव्हा आठवण जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं? वेगळी कपबशी, माळ्यावर झोपणारा पोऱ्या, सावकाराचं व्याज यांतलं काहीही परत यायला नको. यायला हवी ती एक सोय. खिशात थोडे पैसे असलेल्या माणसाला या शहरात निवांत बसता येईल, पोटभर आणि मानानं खाता येईल, आणि रोज गेल्यावर गल्ल्यावरचा माणूस त्याला ओळखेल. माझ्या पिढीला ही सोय आयती मिळाली. त्यामागे भाड्याचा कायदा होता, गिरणीचा पगार होता, गावाहून येणारी माणसं होती आणि बायकांचे न मोजलेले कष्ट होते. आजच्या विशी-पंचविशीतल्या मुलांच्या वाट्याला यातलं फार थोडं उरलं आहे. कॉफीच्या साखळी दुकानात तासभर बसायचं तर त्यांना जेवणाइतके पैसे मोजावे लागतात.

ही सोय पुन्हा उभी करणं अशक्य नाही. पुनर्विकासाचे नकाशे मंजूर होतात तेव्हा तळमजल्यावरच्या छोट्या खाण्याच्या जागांना रस्त्यालगत, परवडेल अशा देखभाल खर्चात जागा मिळावी, अशी अट घालता येते. बेकऱ्यांच्या नव्या भट्ट्यांना स्वस्त कर्ज देता येतं. पोळी-भाजी केंद्रातल्या बायकांना मंडईत ओटा देता येतो. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी २०१४चा केंद्रीय कायदा आहे. त्यातल्या नगर विक्रेता समित्या नीट चालाव्यात असा आग्रह आपण नगरसेवकाकडे धरू शकतो. ही कामं रुक्ष वाटतात. पण मावा केकच्या आठवणीनं डोळे भरून येणाऱ्यांनी यातलं एखादं तरी हाती घेतलं पाहिजे, कारण केक यांवर उभा आहे.

आणि रोजचं एक काम प्रत्येकाला करता येईल. तुमच्या तरुणपणाचं एखादं हॉटेल अजून चालू असेल तर बंद होण्याच्या बातमीची वाट पाहू नका. या आठवड्यात जा, घरातल्या लहानांना न्या, फोटोआधी खायला मागवा, आणि भाव दोन-पाच रुपयांनी वाढला असेल तर कुरकूर करू नका. स्वयंपाकघरात कोण आहे, कुठून आलं आहे, हे विचारा. तुमच्या गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्राशीही हेच वागा. तिथे आज रांगेत उभी असलेली मुलं तीस वर्षांनी त्या डब्याबद्दल बोलणार आहेत. त्यांच्या आठवणीला जागा आणि ती घडवणाऱ्या बाईला चांगला मोबदला मिळतो की नाही, हे आपण आत्ता ठरवतो आहोत.